हमी: जगात कुठेही

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका मासे खात नसत. तरी गरियाहाटच्या बाजारात त्यांची पावलं सगळ्यात आधी वळत ती मासळीकडेच. त्यांना लांबून येताना पाहिलं की दोन-तीन मासेवाले तराजूखालचं काहीतरी घाईघाईने गोणपाटाखाली सारत. काकांच्या कापडी पिशवीत भाजीच्याही आधी पितळेचं, सरकारी छापाचं एक किलोचं वजन असायचं. ते एका पारड्यात ठेवायचं, दुसऱ्या पारड्यात मासेवाल्याचं वजन ठेवायला लावायचं आणि चष्मा कपाळावर सरकवून काटा कुठे झुकतो ते बघत राहायचं.

"इन्स्पेक्टरबाबू, आपनि तो माछ खान ना!" एकदा एक मासेवाला कावून म्हणाला.

"खात नाही म्हणूनच तर मला घाई नाही," काकांनी त्याला त्याच्याच भाषेत ऐकवलं आणि काटा स्थिर होण्याची वाट बघत उभे राहिले. मागे रांगेत गिऱ्हाइकं तोंडाने काहीबाही पुटपुटत होती. त्यांच्याच हक्कासाठी हा माणूस उभा आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मी तेव्हा कांद्यांच्या ढिगाआड उभा राहून, हे गृहस्थ आपले घरमालक नाहीत असा चेहरा करत होतो.

वजन-मापं खात्यातून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. फक्त ही बातमी त्यांनी बाजाराला कळवलेली नव्हती.

काकांचे वडील रेल्वेच्या नोकरीत कलकत्त्याला आले आणि राहिले. काकांचा जन्म तिथलाच. मराठी घरात शिकलेली, पण वाढलेली बंगालीच्या शेजारात, त्यामुळे ते "चहा खाणार का?" असं विचारायचे आणि आम्हीही मुकाट्याने चहा खायचो. लग्न केलं नव्हतं. "मुलीकडच्यांनी जे सांगितलं आणि जे निघालं त्यात फरक आढळला," एवढंच ते त्याबद्दल सांगत. बालीगंजच्या घराचा खालचा मजला ते फक्त मराठी माणसाला भाड्याने देत. मला वाटलं, गाववाल्यांची माया असेल. पहिल्याच दिवशी त्यांनी खुलासा केला, "भांडण मातृभाषेत केलेलं बरं असतं. मुद्दे सुटत नाहीत."

भाडेकराराचा कागद त्यांनी स्वतः लिहिला होता. त्यात एक कलम असं होतं की घरात काही बिघाड झाल्यास भाडेकरूने घरमालकाविरुद्ध लेखी तक्रार केलीच पाहिजे. पहिल्या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघराचं छत गळायला लागलं. आम्ही भिडस्त माणसं. खाली पातेलं ठेवलं आणि गप्प बसलो. काकांना कळलं तेव्हा ते खवळले. छताबद्दल नाही, आमच्याबद्दल.

"तीन आठवडे गळतंय आणि तुम्ही गप्प? तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जगात भेसळ होते!"

माझ्या बायकोने शेवटी तक्रार लिहून वर नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी पोच आली. चौथ्या दिवशी घरमालकाने दिलगिरी व्यक्त केल्याचं पत्र आलं, शुद्ध भाषेत, खाली सहीसकट. गवंडी आला तो दिवाळीनंतर. तोवर पातेलं होतंच.

रविवारी ते आगपेट्यांतल्या काड्या मोजत. लेबलावर पन्नास लिहिलं असेल आणि आत सेहेचाळीस निघाल्या, की पेटी दोऱ्याने बांधून पत्रासह कारखान्याकडे रवाना. कारखान्याने कधी उत्तर दिलं नाही, पण काका दर महिन्याच्या एक तारखेला स्मरणपत्र पाठवत. त्यांच्या खोलीत एक लाकडी मांडणी होती, तिच्यावर अशा चालू प्रकरणांच्या फायली उभ्या असत. निकाली निघालेल्या फायलींचा कप्पाही होता. त्यात काका टोप्या ठेवत.

आता माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं माझ्या गाढवपणातून निघालं. मी केंद्र सरकारच्या नोकरीत होतो आणि मुंबईहून बदलून कलकत्त्याला गेलो होतो. खातं कोणतं ते सांगताना आजही माझी जीभ जरा अडखळते. कस्टम्स.

माझी आई आमच्याबरोबर राहायची. तिला ऐकू येणं कमी होत होत जवळजवळ बंद झालं होतं. साताऱ्यात ते फारसं जाणवलं नव्हतं, कारण तिथे कोण काय बोलणार हे तिला ऐकण्याआधीच ठाऊक असायचं. कलकत्त्यात ती नुसती हसत बसायची. कुणी ओठ हलवले की "जेवले हो, बरी आहे" म्हणायची. दूधवाल्याला, शेजारच्या वकिलीणबाईंना, सगळ्यांना तेच. आमची पाच वर्षांची मुलगी शाळेतून आली की आधी आजीकडे धावायची. हळूहळू ते थांबलं. मी तिला विचारलं तर म्हणाली, "आजीला सांगून काय उपयोग?" हे तिने सहज म्हटलं, चिडून नव्हे. म्हणूनच ते मला जास्त लागलं.

कानाचं यंत्र रीतसर मागवायचं तर परवाना, डॉक्टरचा दाखला आणि निदान दहा महिने. मला कुणीतरी सांगितलं, खिदिरपूरला जा. तिथे गोदीजवळच्या फूटपाथवर बोटीवरून चोरून उतरवलेला माल मिळतो: घड्याळं, लायटर, अत्तरं, काय म्हणाल ते. मी शनिवारी दुपारी गेलो. एका छत्रीखाली लुंगीवाला गृहस्थ बसला होता, त्याच्याकडे युरोपातल्या एका कंपनीचं कानाचं यंत्र होतं. छातीशी अडकवायची चपटी डबी, तिला लांब वायर, टोकाला कानात घालायची गुंडी. दिवसभर ज्या मालाच्या विरोधात मी फायलींवर शेरे मारत होतो, तो माल मी वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रामने घरी आणला. घाम असा सुटला होता की शेजारच्या माणसाने मला जागा दिली.

अकरा दिवस आईला सगळं ऐकू आलं. कावळे, ट्रामची घंटा, वरच्या मजल्यावर काका काड्या मोजताना पुटपुटतात ते. माझी बायको स्वयंपाकघरात काय पुटपुटते तेही ऐकू आलं. त्यामुळे त्या अकरा दिवसांत आमच्या घरची भाषा फार सुधारली. नात आजीच्या छातीवरच्या डबीत तोंड घालून शाळेतल्या बातम्या सांगायची. बाराव्या दिवशी यंत्र शिट्टी वाजवून बंद पडलं. बॅटरी बदलली, वायर बदलली. काही नाही. खिदिरपूरला गेलो तर तिथे छत्रीच नव्हती. पोलिसांची धाड पडून गेली होती, म्हणजे एका अर्थी माझ्याच खात्याची कृपा.

मी यंत्र कपाटात ठेवून गप्प बसलो. पण काकांच्या घरात गप्प बसता येत नसे. ते खाली आले, खोक्यातलं छापील कार्ड त्यांनी उजेडात धरलं आणि त्यांचे डोळे लकाकले.

"हे वाचलंस? एक वर्षाची हमी. जगात कुठेही."

"काका, ते खिदिरपूरहून घेतलंय."

"खिदिरपूर जगात आहे की नाही?"

"अहो, पण चोरटा माल आहे. आणि मी कस्टम्समध्ये."

काकांनी कार्ड परत खोक्यात ठेवलं. मला वाटलं, आता समजूत घालतील. त्यांनी वरून दोन कोऱ्या फायली आणल्या. एकीवर लिहिलं, 'वहिनी विरुद्ध कंपनी'; माझ्या आईला ते वहिनी म्हणत. दुसरीवर माझं नाव घातलं.

"त्यांचा गुन्हा वेगळा, तुझा गुन्हा वेगळा," ते म्हणाले. "फायली एकत्र करायच्या नाहीत."

कंपनीचा देश युरोपच्या पार वरच्या टोकाला, थंडीत गारठलेला आहे. त्याचं नाव मी घेत नाही. एका बंद डबीपायी अख्ख्या देशाला कशाला बोल लावायचा. कंपनीचं उत्तर दीड महिन्याने आलं. अत्यंत सभ्य. तुमच्या विक्रेत्याशी संपर्क साधावा, विक्रेत्याचं नाव-पत्ता कळवावा. काकांनी कळवला: "विक्रेता एक गृहस्थ, लुंगी, काळी छत्री, गोदीच्या तिसऱ्या फाटकाजवळ, सध्या स्थलांतरित." कंपनीने उलट टपाली कळवलं की हा गृहस्थ त्यांचा अधिकृत विक्रेता नाही आणि प्रकरण त्यांच्या दृष्टीने संपलं आहे.

"संपलं?" काका आनंदाने म्हणाले. "आता कुठे सुरू झालं."

त्या देशाचा वकील, म्हणजे कॉन्सल, म्हणून कलकत्त्यात एक तागाचे व्यापारी काम बघत. त्यांनी तो देश पाहिलेला नव्हता. डलहौसी चौकातल्या त्यांच्या कचेरीत एक झेंडा, एक बर्फाचं कॅलेंडर आणि पुस्तिकांचा गठ्ठा होता. काका तिथे आठवडाभर रोज जाऊन बसले आणि त्या गठ्ठ्यात त्यांना हवं ते सापडलं. त्या देशात नुकताच एक कायदा झाला होता आणि गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या कंपनीला जाब विचारायला सरकारने एक स्वतंत्र अधिकारी नेमला होता. आपल्याकडे तेव्हा असलं काही नव्हतं. ती पुस्तिका काका घरी घेऊन आले आणि आईला दाखवत ओरडले, "वहिनी, बघा! या लोकांनी यासाठी पगारी माणूस ठेवलाय!"

"जेवले हो," आई म्हणाली.

काकांनी त्या अधिकाऱ्याला लिहिलं. त्याचं उत्तर आलं की कायदा आमच्या देशातल्या गिऱ्हाइकांपुरता आहे. तुम्ही हिंदुस्थानात, आमचा हात तिथवर पोचत नाही. मी म्हटलं, झालं, त्याचंही बरोबर आहे. काका रात्री जेवले नाहीत. सकाळी त्यांनी मला पत्राचा मसुदा वाचून दाखवला. इंग्रजी होतं, पण मला ते मराठीतच आठवतं: "महाशय, आजार तुमच्याकडे आहे. आमच्याकडे फक्त ताप आला आहे. ताप शेजारच्या घरात मोजला म्हणून आजार कुणाचा ते बदलत नाही. कंपनीने 'जगात कुठेही' हे शब्द तुमच्या देशात बसून छापले आहेत. ते खोटे असतील तर खोटेपणा तुमच्याच हद्दीत घडला आहे. तुमचा हात कलकत्त्यापर्यंत पोचायची गरजच नाही. तो कंपनीच्या दारापर्यंत पोचला तरी पुरे."

दोन महिन्यांनी त्या अधिकाऱ्याचं दुसरं पत्र आलं. मुद्दा विचार करण्यासारखा आहे. अधिकार नाही, पण चौकशी करतो. यंत्र पाठवा, सोबत आयातीचे कागद जोडा.

आयातीचे कागद! परदेशी टपालाच्या खिडकीवर, वस्तू देशात आली कशी, हे लिहून द्यायचं होतं. ती खिडकी माझ्याच खात्याची.

"काका, जुनी वस्तू म्हणून लिहू. पुण्याच्या मामांनी दिली म्हणून लिहू."

"खोट्या कागदावर खरी तक्रार?" काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की खाली झुकलेला काटाही लाजला असता.

मी रोज "उद्या बघतो" म्हणत राहिलो. तीन आठवडे. चौथ्या सोमवारी, अकराच्या सुमाराला, मी टेबलावर मान खाली घालून बसलो असताना आमच्या हॉलच्या दारात पांढरं लुगडं दिसलं. आई. शेजारी काका, बगलेत दोन्ही फायली.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. यंत्र वहिनींचं, तक्रारदार वहिनी, मग अर्ज वहिनींनीच दिला पाहिजे. पण अर्जात काय आहे हे तक्रारदाराला समजावल्याशिवाय तिची सही घेणं काकांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यामुळे त्यांनी साठ माणसांच्या त्या हॉलमध्ये, आईच्या कानाशी तोंड नेऊन, पूर्ण ताकदीने समजावायला सुरुवात केली.

"वहिनी! हे यंत्र! स्मगलिंगचं आहे! खिदिरपूर! कस्टम्स ड्यूटी! भरलेली नाही!"

मराठी तिथे कुणालाच येत नव्हतं, पण या वाक्यांना मराठी यावं लागत नाही. पंखे सोडून सगळं थांबलं. मी पाहिलं, आजूबाजूच्या सात-आठ जणांचे डावे हात आपोआप टेबलाखाली गेले. खिदिरपूरची घड्याळं चांगली चालत असावीत.

"तुमचा मुलगा!" काका ओरडतच होते. "नोकरी! जाऊ शकते! तरी सही! करता का?"

आता मात्र आईला सगळं कळलं. तिने हॉलभर नजर फिरवून मला शोधून काढलं. मी फाईल तोंडासमोर धरली होती. ती चालत माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, तिच्या मते हळू आवाजात, पण ते दोन टेबलं पलीकडे पोचलं: "माझ्यासाठी चोरी केलीस? मग आता माझ्यासाठी कबूलही कर."

मोठ्या साहेबांनी आम्हाला आत बोलावलं. वयस्क बंगाली गृहस्थ, कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांनी आईला हिंदीत विचारलं, "माँजी, यह मशीन कहाँ से आया?"

"जेवले हो, बरी आहे," आई हसून म्हणाली.

साहेबांनी पुन्हा विचारलं, मोठ्याने. आई पुन्हा तेच म्हणाली, आणि तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. ते बराच वेळ त्या बंद डबीची वायर बोटाला गुंडाळत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिहून दे. सगळं. एक ओळ गाळू नकोस."

मी लिहून दिलं. यंत्र जप्त झालं. ड्यूटी आणि दंड भरून ते त्याच दिवशी मलाच परत मिळालं. कायद्यात तशी सोय आहे. माझ्या नोकरीच्या पुस्तकात ताकीद चढली आणि बढती दोन वर्षं लांबली. घरी येताना टॅक्सीत काकांनी पावती पुन्हा पुन्हा वाचली.

"जन्मदाखला मिळाला रे या यंत्राला!" ते म्हणाले, आणि माझ्या नावाच्या फायलीवर त्यांनी लाल पेन्सिलीने 'निकाली' लिहिलं. मी आजवर मिळवलेली ही एकमेव पदवी जी मला मनापासून आवडली.

पार्सल गेलं. पाच महिने काही नाही. आई खिडकीशी बसून सगळ्यांना बरी आहे म्हणून सांगत राहिली. मग एका दुपारी खोकं आलं, रीतसर कागदांनिशी, आत नवं कोरं यंत्र. सोबत अधिकाऱ्याची चिठ्ठी की कायद्याने मी हुकूम देऊ शकत नव्हतो, पण प्रश्न विचारला. आणि कंपनीचं पत्र. आम्ही सगळे आमच्या बाहेरच्या खोलीत जमलो. काकांनी पत्र मोठ्याने वाचलं आणि शेवटच्या ओळीवर त्यांचा आवाज फाटला.

"'कोणतीही जबाबदारी मान्य न करता, केवळ सद्भावना म्हणून'! वहिनी, हे परत पाठवायचं!"

"काय?" माझी बायको चहाचा ट्रे घेऊन जागच्या जागी उभी राहिली. "काका, अहो वर्ष झालं त्यांना ऐकू येऊन!"

"भीक घालतायत!" काका आता उभे राहून आईकडे बघत गर्जत होते. "उद्या रंगूनला, कोलंबोला एखाद्या म्हातारीचं यंत्र बंद पडेल. ती मागायला गेली की हे म्हणतील, त्या कलकत्त्याच्या बाईला आम्ही दया म्हणून दिलं होतं, तुमचा हक्क नाही! आज आपण घेतलं की तिचं कायमचं बुडालं!"

मी चिडलो होतो, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे हे कळत होतं म्हणून जास्तच चिडलो होतो.

"भाऊजी," आई म्हणाली, "जरा हळू बोला. वकिलीणबाईंकडे पाहुणे आलेत."

आम्ही वळून पाहिलं. काका पत्र वाचत असतानाच तिने खोकं उघडून डबी छातीला अडकवली होती, गुंडी कानात घातली होती. वर्षभर ते तिच्याशी ओरडूनच बोलले होते. साध्या आवाजात काय बोलायचं हे त्यांना सुचेना.

"खरंच येतंय ऐकू?" शेवटी ते पुटपुटले.

"तुमची कवळी वाजते तीही ऐकू येतेय." आईने वायर नीट पदराखाली घेतली. "तुमचं पटलं मला. त्या रंगूनच्या बाईचं. पण मी हे काढणार नाही. तुम्ही त्यांना असं लिहा, की मी घातलंय, पण त्यांचं म्हणणं मला मान्य नाही. असं लिहिता येतं का?"

काका खुर्चीत बसले. कंपनीचं पत्र त्यांनी पुन्हा एकदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "येतं," आणि वर जाऊन तिसरी फाईल घेऊन आले. त्यांनी तसं लिहून काढलेल्या इंग्रजी पत्राखाली आईने देवनागरीत, पूर्ण नावाने सही केली. तोवर माझी मुलगी तिच्या मांडीवर चढून डबीत तोंड घालून बोलायला लागली होती. कागदावर सहीची शेपटी थोडी हलली आहे ती तिच्यामुळे.

पुढे आमची नागपूरला बदली झाली. दर वर्षी त्याच महिन्यात काकांचं कार्ड येई: "यंत्राची स्थिती कळवावी." आई उत्तर लिही. त्यावर काका कंपनीला एक पत्र पाठवत, ठराविक मजकुराचं, आणि नक्कल आम्हाला: यंत्र उत्तम चालतं आहे, तक्रार कायम आहे. कंपनी पहिली दोन वर्षं उत्तर देत होती, नंतर तीही थकली.

आई सात वर्षांनी गेली. मी काकांना तार केली. ते आले नाहीत. तब्येतीने प्रवास होण्यासारखा नव्हता. महिन्याभराने त्यांच्याकडून नेहमीसारखं पाकीट आलं. आत कंपनीला पाठवलेल्या पत्राची नक्कल होती. अक्षर जरा कापलेलं. त्यांनी लिहिलं होतं, "कळवण्यास दुःख होतं की तक्रारदार बाई आता हयात नाहीत. त्यांना शेवटच्या दिवसापर्यंत सगळं ऐकू येत होतं. तक्रार कायम आहे."